समुद्राखालची पहिली इयत्ता

सुटींत माणसें डोंगरावर जातात, देवदर्शनास जातात, किंवा समुद्रकांठच्या वाळूंत बसून लाटा मोजतात. अलीकडे यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटांत उतरावयाचें, आणि तसें उतरतां येतें असें प्रमाणपत्र घेऊन घरीं परत यावयाचें. मुंबई-पुण्याकडील कित्येक कुटुंबांतील तरुण मुलें-मुली, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळदां त्यांचे आईबापही, या हेतूनें अंदमानांतील स्वराजद्वीपास जातात. पूर्वीं हॅवलॉक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या बेटास हें नांव २०१८ सालीं मिळालें. तेथील तीन-चार दिवसांच्या शिक्षणक्रमांत काय शिकवितात, तें तसेंच कां शिकवितात, आणि शिकणारानें कोठें सावध असावें, एवढ्याच गोष्टींचा विचार या भाषणांत केला आहे.

विषयाचें नांव ‘स्कूबा’. पाण्याखालीं श्वास घेण्याचें, पाणबुड्यानें स्वतःबरोबर वागविलेलें स्वयंपूर्ण साधन, असा त्या शब्दाचा अर्थ. जुना पाणबुड्या नळीनें होडीशीं बांधलेला असे. वरचीं माणसें पंप मारीत आणि खालीं त्याचा श्वास चाले. १९४३ सालीं फ्रान्सच्या नौदलांतील अधिकारी जाक कुस्तो आणि एमील गान्यां नांवाचे इंजिनियर या दोघांनीं ही नळी तोडली. युद्धामुळें पेट्रोल मिळेनासें झालें होतें, आणि मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं एक झडप तयार केली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या टाकीस जोडण्यांत आली. पाणबुड्यानें श्वास ओढला कीं झडप उघडते आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याला मिळते. ओढणें थांबलें कीं झडप मिटते. आजच्या रेग्युलेटरचें तत्त्व हेंच आहे.

येथें प्रथमच एक घोटाळा दूर केला पाहिजे. या एकाच नांवाखालीं दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एकींत शिक्षक पाहुण्याला थोडा वेळ कांहीं सूचना देतो, स्वतः त्याला धरून पाण्यांत फिरवितो आणि वर आणतो. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत हौशी प्रवासी बहुधा हाच अनुभव घेतात. तो चांगला असतो. परंतु ती सहल आहे, शिक्षण नव्हे. टांग्यांत बसल्यानें घोडा हांकतां येत नाहीं, तशांतला हा प्रकार. दुसऱ्या गोष्टींत पाणबुड्याला स्वतःचा श्वास, स्वतःचें वजन आणि स्वतःचें भय यांचा लगाम स्वतःच्या हातीं घ्यावा लागतो. तारकर्ली येथें महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळानें अशा शिक्षणासाठीं संस्थाही काढली आहे.

हें शिक्षण देणाऱ्या जागतिक संस्था अनेक आहेत. त्यांपैकीं १९६६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली ‘पाडी’ ही फार प्रसिद्ध. तिच्या पहिल्या परीक्षेचें नांव ‘ओपन वॉटर डायव्हर’. वयाची अट दहा वर्षें पूर्ण; मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना वेगळें, मर्यादित प्रमाणपत्र मिळतें. मोठ्यांस १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची पात्रता येते. शिक्षणाचे भाग तीन: पुस्तकी ज्ञान, उथळ व निवांत पाण्यांतील सराव, आणि समुद्रांतील चार बुड्या. पुस्तकी भाग हल्लीं घरीं बसून संगणकावर पुरा करतां येतो, आणि सुटी थोडी असेल त्यानें तो तसाच करावा. परीक्षेंत शंभरांत ७५ गुण लागतात. याखेरीज २०० मीटर न थांबतां पोहणें, किंवा मास्क, श्वासनळी व पायांचे रबरी पंखे लावून ३०० मीटर पोहणें, आणि दहा मिनिटें आधाराशिवाय पाण्यावर तरंगणें, ही कसोटी असते. वेगाला गुण नाहींत. पाण्यांत माणूस घाबरत नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

परंतु खरी पहिली परीक्षा पाण्यांत होतच नाहीं. ती टेबलावर, एका कागदावर होते. उदाहरणादाखल पन्नाशीचा एक गृहस्थ आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी घ्यावी. बेटावर पोंचल्यावर दोघांच्या हातीं प्रकृतीविषयीं प्रश्नांचा कागद येतो. दमा आहे काय? फिट्स येतात काय? हृदयाचा विकार, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा आजार? पंचेचाळिशीच्या पुढील माणसास आणखी कांहीं प्रश्न. ठराविक प्रश्नांस एक जरी ‘होय’ आलें तरी डॉक्टरनें तपासून संमति दिल्यावांचून पाण्यांत उतरतां येत नाहीं. विमानाचें भाडें भरलेलें असतें, शिक्षणाची रक्कम दिलेली असते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं होडी सुटावयाची असते.

“दमा लहानपणींचा. ‘नाहीं’ लिहून टाक,” बाप म्हणतो.

“पण बाबा, गेल्या थंडींत पंप घ्यावा लागला होता कीं!” मुलगी म्हणते.

या घटकेला बापानें काय करावें, हें समजण्यासाठीं शाळेंतील एक जुना धडा पुन्हां उघडला पाहिजे.

रिकामा तांब्या पालथा धरून बादलींत दाबला तर आंतली हवा सुटत नाहीं, पण पाणी किंचित् आंत शिरतें, म्हणजेच हवा आकसते. तोच तांब्या समुद्रांत दहा मीटर खालीं नेला तर हवा निम्म्या जागेंत मावते. कारण पृष्ठभागावर आपणांवर एका वातावरणाचा दाब असतो, आणि समुद्राचें पाणी दर दहा मीटरांस आणखी एका वातावरणाचा दाब घालतें. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में, हा नियम रॉबर्ट बॉइल यांनीं १६६२ सालीं मांडला. आतां उलट पाहावें. दहा मीटरांवर पाणबुड्यानें टाकींतील हवेनें फुप्फुसें भरलीं. समजा, सहा लिटर. ती हवा दुप्पट दाबाची आहे. श्वास रोखून तो वर आला तर त्याच हवेला बारा लिटर जागा लागेल. पण फुप्फुसांत ती जागा नाहीं. तीं फाटतात, हवा रक्तांत शिरते, आणि तिचा बुडबुडा मेंदूकडे गेला तर मृत्यु ओढवतो. यासाठीं फार खोल जावें लागत नाहीं. अवघ्या दीड-दोन मीटरांवरूनही हें घडूं शकतें. म्हणून या शिक्षणाचा पहिला नियम एकच: श्वास कधींही रोखूं नये. रेग्युलेटर तोंडांतून निघाला असेल तेव्हांही ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहावें.

निरोगी माणसानें श्वास चालूं ठेवला कीं वाढणारी हवा आपोआप बाहेर पडते. दम्यांत मात्र श्वासाच्या बारीक वाटाच आवळतात. माणूस श्वास रोखीत नाहीं, तरी त्याच्या फुप्फुसाच्या कोपऱ्यांत हवा अडकून पडते, आणि वर येतांना तीच फुगते. म्हणजे ज्याचा दमा जागा आहे त्याला पहिला नियम पाळण्याची इच्छा असूनही पाळतां येईलच असें नाहीं. बापानें ‘नाहीं’ लिहविलें तर त्या एका शब्दानें तो शिक्षकाला फसवील. पाण्याला फसवूं शकणार नाहीं. दमा असलेल्या सर्वांनाच बंदी असते असें नाहीं. तज्ज्ञ डॉक्टर चाचण्या करून कित्येकांस परवानगी देतात. परंतु तो निर्णय डॉक्टरचा, घाईंत असलेल्या बापाचा नव्हे. हा कागद संगणकावर आधींच मिळतो. तिकिटें काढण्यापूर्वीं तो घरीं भरून डॉक्टरकडे नेला असता तर हा प्रसंगच आला नसता.

समजा, बापाला सुबुद्धि झाली. मुलीनें खरें लिहिलें, आणि या खेपेस ती वरच, मास्क व श्वासनळी लावून, पोहणार असें ठरलें. बाप मात्र शिकावयास गेला. उथळ पाण्यांत गुडघ्यांवर बसवून शिक्षक त्याला मास्कमध्यें पाणी भरावयास सांगतो. नाक पाण्यांत बुडतें, डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, आणि आयुष्यभर नाकानें श्वास घेतलेला माणूस संवयीनें नाकानेंच ओढूं पाहतो. ठसका लागतो, वर धांव घ्यावी असें सर्व अंग ओरडून सांगतें. या शिक्षणांतील सर्वांत अवघड क्षण बहुधा हाच. येथें उभें राहिलें तर डोकें पाण्याबाहेर येतें. म्हणूनच हा धडा येथें देतात. तोंडानें सावकाश श्वास घ्यावा, मास्कची वरची कड कपाळाशीं दाबावी, मान थोडी वर करून नाकानें हवा सोडावी. पाणी खालून निघून जातें. दहा वेळां केल्यावर भीतीची जागा संवय घेते. एखाद्यास दहा वेळांनीं साधत नसेल तर त्यानें आणखी दहा मागून घ्यावीत. यांत लाज नाहीं. तीन दिवसांत आटपलेंच पाहिजे या हट्टांत मात्र धोका आहे.

पाण्याखालीं बोलतां येत नाहीं, म्हणून खुणांची भाषा शिकावी लागते. नवशिका हमखास फसतो तो आंगठ्यापाशीं. वर केलेला आंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे. त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ठीक आहे असें सांगण्यासाठीं आंगठा व तर्जनी यांचें कडें करावयाचें. जोडीदाराची हवा संपली तर आपला जादा रेग्युलेटर त्याला कसा द्यावा, हेंही येथेंच शिकवितात. जोडीदारावांचून पाण्यांत उतरावयाचें नाहीं, हा दुसरा मोठा नियम.

हवेचा हिशेब प्राथमिक शाळेंतील त्रैराशिकाचा आहे. अकरा लिटरांच्या टाकींत २०० बार दाबानें सुमारें २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवून वर यावयाचें असल्यानें वापरावयास सुमारें १,६५० लिटर उरते. शांत माणसास पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर हवा लागते असें धरलें तर दहा मीटरांवर ४० लागेल, आणि वीस मीटरांवर ६०. म्हणजे दहा मीटरांवर ४१ मिनिटें, वीस मीटरांवर २७. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट हवाही सहज खातो. म्हणून शिक्षक दाबाचा कांटा पुनःपुन्हां पाहावयास लावतात.

मग समुद्र. खालीं जातांना पहिली तक्रार कान करतात. नाक चिमटींत धरून हळूच हवा फुंकली कीं कानाचा पडदा मोकळा होतो. दुखूं लागण्याच्या आधींच, आणि दर मीटरास, हें करावें. तरीही दुखलें तर थोडें वर यावें. सर्दी असेल तर त्या दिवशीं उतरूंच नये. पाण्याखालीं वस्तु सुमारें एक-तृतीयांश मोठ्या दिसतात, आणि खोलीबरोबर तांबडा रंग सर्वांत आधीं नाहींसा होतो. आवाज पाण्यांत हवेच्या चौपट वेगानें धांवतो, त्यामुळें होडीच्या इंजिनाचा आवाज कोठून येतो हें कानांस कळत नाहीं. जाकिटांत थोडी हवा भरून किंवा सोडून, आणि मुख्यतः श्वासाच्या चढउतारानें, पाणबुड्या ना वर ना खालीं असा अधांतरीं राहावयास शिकतो. हें साधलें नाहीं तर पाय प्रवाळावर आपटतात. प्रवाळ हा दगड नव्हे. ती जिवांची वसाहत आहे, आणि वर्षाला फार थोडी वाढते.

शेवटचा धडा वर येण्याचा. हवेंत चार-पंचमांश नत्रवायु असतो, आणि दाबाखालीं तो रक्तांत व अंगांत विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली कीं फसफसते, तसेंच घाईनें वर येणाऱ्या माणसाचें होतें. न्यूयॉर्कच्या ब्रूकलिन पुलाचा पाया १८७० नंतरच्या वर्षांत दाबाच्या हवेंत खणतांना अनेक कामगार यानें आजारी पडले, आणि मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग कायमचे अधू झाले. १९०८ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून सावकाश वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आज हें गणित मनगटावरचा लहानसा संगणक करतो. मिनिटास १८ मीटरांपेक्षां जलद कधींही येऊं नये. पुष्कळ संगणक तर ९ मीटरांचीच मर्यादा घालतात. पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबून मग पृष्ठभाग गांठावा.

हा नत्रवायु बाहेर पडावयास तासच्या तास लागतात, आणि विमानांत हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षां कमी असतो. म्हणून अनेक दिवस बुड्या घेतल्यावर निदान अठरा तास विमानांत बसूं नये. सुटीचा आराखडा याच हिशेबानें करावा: बुड्या प्रथम, मग बोटीनें श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ पर्यंतचें पोर्ट ब्लेअर, आणि सेल्युलर जेलचें दर्शन शेवटच्या दिवशीं. उलट केलें तर शेवटच्या दिवसाची बुडी किंवा परतीचें विमान, यांपैकीं एक सोडावें लागेल.

चौथ्या बुडीनंतर गृहस्थाला प्रमाणपत्र मिळतें. त्याची किंमत नीट ओळखावी. हा मनुष्य जोडीदाराबरोबर, १८ मीटरांच्या आंत, आपण शिकलों तशाच पाण्यांत उतरूं शकेल, एवढेंच तें सांगतें. तो पाणबुड्या झाला असें सांगत नाहीं. मूळाक्षरें आलीं म्हणजे ग्रंथ वाचून झाला असें कोणी मानीत नाहीं. वर्षभर पाणी पाहिलें नसेल तर पुन्हां एकदां उथळ पाण्यांत सराव करून घ्यावा.

आणि त्या मुलीनें कांहीं गमावलें असें कोणी समजूं नये. स्वच्छ पाण्यांत वरून प्रवाळ दिसतो, मासे दिसतात, आणि खालून येणारे बापाचे बुडबुडेही दिसतात. ते नियमित येत असले म्हणजे बाप श्वास रोखीत नाहीं, एवढी खात्री तिला वरूनच पटते. पुढील वर्षीं डॉक्टरनें होकार दिला तर समुद्र तेथेंच असेल.