हवा कमी पडते तेव्हा

सोयाबीन निघालं की हरभऱ्याच्या पेरणीसाठी वाशीम, रिसोड, मालेगावच्या शिवारात ट्रॅक्टरला उसंत नसते. काळ्या जमिनीत नांगर खोल धरला की इंजिन दबतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून मालक मिस्त्रीला सांगतो, ‘पंप थोडा वाढवून द्या.’ म्हणजे डिझेल पंपाची सेटिंग बदलून जास्त डिझेल सोडायचं. मिस्त्री जाणता असेल तर पाना उचलण्याआधी एअर फिल्टर उघडतो, कारण मळणीच्या भुशानं तो गच्च भरलेला असतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. इंजिनाला तेल मिळतंय, हवा कमी पडतेय. पंप वाढवला तर धूर आणखी दाट होणार, इंजिन तापणार आणि एखाद्या दिवशी हेड गॅसकेट उडणार.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरच्या हिशेबात एका लिटर डिझेलला जवळपास दहा हजार लिटर हवा. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर साधारण तेवढाच असतो. डिझेलला पैसे पडतात म्हणून त्याचा हिशेब आपण पैशा-पैशानं ठेवतो. हवेचा कुणी ठेवत नाही. पण त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद काढायची, तर त्याच सिलिंडरात जास्त हवा कोंबावी लागते, आणि सव्वाशे वर्षांपासून इंजिनवाले याच मागे लागले आहेत. नायट्रस ऑक्साइडची बाटली ही त्या धडपडीची शेवटची पायरी आहे.

मधल्या पायऱ्या वाशीमकरांनी स्टेशनावर उभं राहून पाहिल्या आहेत. अकोला–पूर्णा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी मीटरगेजवर वायडीएम-४ डिझेल इंजिनं धावत: अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या आराखड्याची, सहा सिलिंडरांची, हवा कोंबणारा टर्बो बसवलेली. त्याच घराण्यातलं ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२ सोळा सिलिंडरांचं, २६०० अश्वशक्तीचं. पुढे रेल्वेनं त्यावर जास्त कार्यक्षम टर्बो बसवून डब्ल्यूडीएम-३ए केलं आणि ताकद ३१०० वर नेली. सिलिंडर सोळाच राहिले, त्यांचा आकारही तोच. जादा हवा आली, तिच्या जोडीला जादा डिझेल सोडता आलं, आणि पाचशे घोडे वाढले.

अल्को इंजिन गाडी हलवताना काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडायचं. चालकानं नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवली की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो फिरतो तो इंजिनाच्याच उष्ण धुराच्या जोरावर, आणि त्याला वेग धरायला काही क्षण लागतात. तेवढ्या क्षणांत सिलिंडरात तेल जास्त, हवा कमी. टर्बोनं वेग घेतला की लोट विरळ होत जायचा. ट्रॅक्टरचा आणि रेल्वेचा काळा धूर एकाच कारणानं निघतो.

हवा कोंबणारं दुसरं यंत्र म्हणजे सुपरचार्जर; त्याला हा उशीर नाही. तो धुरावर अवलंबून राहत नाही. इंजिनाच्या क्रँकला पट्ट्यानं जोडलेला असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच हवा तयार. त्याचं सगळ्यात जुनं रूप मोटारीच्याही आधीचं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांचा ब्लोअर काढला, तो पुढे भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवत राहिला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजनं त्याच जातीचे ब्लोअर मोटारींवर बसवले. आपल्या रस्त्यांवर टर्बो आज पिकअपपासून ट्रकपर्यंत सगळीकडे दिसतो, सुपरचार्जर मात्र क्वचितच, हौशी लोकांच्या गाडीत.

सुपरचार्जरचे दोष दोन. फिरण्यासाठी तो इंजिनाचीच ताकद खातो, हा पहिला. दुसरा जास्त जाचक: दाबलेली हवा तापते. वाशीमच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४२ अंशांवर असते. रूट्स ब्लोअरनं ती दीडपटीपेक्षा थोडी जास्त दाबली, तर तिचं तापमान शंभरी सहज ओलांडतं. तापलेली हवा विरळ, म्हणजे कोंबलेल्यातलं थोडं हातचं गेलं. शिवाय पेट्रोल इंजिनात तापलेलं मिश्रण ठिणगीपासून नीट क्रमानं जळत जात नाही, जागोजाग भडकतं. मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन नॉक करतंय.’

इथे नायट्रस कामाला येतो. ऑपरेशन थिएटरमधल्या निळ्या सिलिंडरात भूल द्यायला असतो तोच हा वायू. युरिया टाकलेल्या ओल्या शेतातूनही तो निघतो, आणि वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त जोरकस ठरतो. तो स्वतः जळत नाही. सुमारे तीनशे अंशांना त्याचे तुकडे पडतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनानं २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. दाबून द्रवरूपात बाटलीत भरता येतो, आणि बाहेर पडताच उणे ८८ अंशांना उकळतो. त्या उकळण्यात आजूबाजूच्या हवेची उष्णता तो शोषून घेतो. सुपरचार्जरनं तापवलेली हवा नायट्रस थंड करतो आणि वर ऑक्सिजनही देतो. एकाच्या दोषावर दुसरा नेमका बसतो.

हे लग्न आधी विमानांत लागलं. दुसऱ्या महायुद्धात फार उंचीवर हवा इतकी विरळ व्हायची, की सुपरचार्जरही पुरा पडत नसे. जर्मनांनी आपल्या लढाऊ विमानांत नायट्रसच्या टाक्या बसवल्या आणि त्या यंत्रणेला जीएम-१ नाव दिलं. ब्रिटिशांनी उंचावरून येणाऱ्या शत्रूचा पाठलाग करायला मॉस्किटो विमानांच्या मर्लिन इंजिनांना तो पाजला. शर्यतीच्या मोटारींत तो रुळला त्यानंतर.

मोटारीत बसवणं दिसायला सोपं आहे: डिकीत बाटली, तिथून पुढे नळी, विजेवर उघडणारे दोन व्हॉल्व्ह, इनटेकमध्ये नोझल. एका व्हॉल्व्हमधून नायट्रस, दुसऱ्यातून जादा पेट्रोल. सगळा जीव त्या दुसऱ्यात अडकलेला. ट्रॅक्टरची चूक इथे उलटी होते: तिथे तेल जास्त, हवा कमी; इथे ऑक्सिजन जास्त आणि पेट्रोल कमी पडलं तर काही सेकंदांत पिस्टन वितळतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडतात ते ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिनानं चांगले फेरे घेतलेले असताना. मिश्रण आता वेगानं जळणार, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडायची, प्लग जास्त थंड प्रतीचे घालायचे. सुपरचार्जरनं आधीच दाब वाढवलेल्या इंजिनात चुकीला वाव आणखी कमी. दोन्ही एकदम बसवण्याची घाई मला धोक्याची वाटते. आधी नुसत्या सुपरचार्जरवर इंजिन नीट लावून घ्यावं.

वाशीमला आणखी एक अडचण आहे. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. थंड देशांत बाटलीचा दाब टिकवायला तिला हीटर लावतात. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हे तापमान सकाळीच मागे पडतं. मग बाटलीतला दाब चढतो, नोझलमधून जाणाऱ्या नायट्रसचं प्रमाण बिघडतं आणि हिशेब करून बसवलेलं जेट, म्हणजे प्रमाण ठरवणारं बारीक भोक, खोटं ठरतं. भरलेली बाटली फार तापली तर तिची सुरक्षा-चकती फुटून सगळा वायू बाहेर पडतो. इथे बाटलीला लागेल ती सावली, ओलं फडकं आणि दाब दाखवणारं घड्याळ.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून कारंजा, शेलू बाजार, मालेगावावरून सरळसोट जातो, म्हणून कुणी तिथे हे करून पाहू नये. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. यासाठी बंदिस्त जागा हवी. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही पाव मैलाची ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे, ती तशी जागा.

धाव संपली की जाणता मिस्त्री आधी प्लग काढतो आणि भिंगाखाली त्याचं पांढरं पोर्सेलिन पाहतो. हलका तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरोबर. चुन्यासारखं पांढरं दिसलं तर पेट्रोल कमी पडतंय. आणि त्यावर चमकणारे बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. बाटलीचा व्हॉल्व्ह तिथेच बंद करायचा, पेट्रोलचं जेट मोठं करायचं आणि तोपर्यंत गाडी पुन्हा पळवायची नाही.