मुक्कामी बाळ निजणार कशावर?

मराठी घरातल्या बहुतेक बाळांचा पहिला मोठा प्रवास ठरलेला असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, बाराव्या दिवशी बारसं, आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण आजोळहून आपल्या घरी. त्यानंतर गौरी-गणपती, कुणाचं लग्न, कुलदैवताची जत्रा असं बाळाचं फिरणं सुरूच राहतं. सामानात लंगोट, दुपटी, औषधं, वाटी-चमचा, तीटसुद्धा आठवणीने घेतली जाते. मात्र मुक्कामी बाळ निजणार कशावर, हा प्रश्न रात्री दहा वाजता, सगळे दमलेले असताना पुढे येतो. मग पलंगाच्या कडेला दोन लोड लावले जातात, बाळ मधे ठेवलं जातं आणि दिवा मालवला जातो.

कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या परिसरात असे दोन प्रवास समोरासमोर दिसतात. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची कुटुंबं नेरळ-कळंब-कर्जत पट्ट्यातल्या फार्महाऊसवर येतात. त्यांच्या गाडीच्या डिकीत घडीचा पाळणा असतो, नाहीतर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. दिवाळी सरली की इथल्याच वाड्यांमधली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर असते आईच्या जुन्या लुगड्याची झोळी. एकाचं सामान दुकानातलं, दुसऱ्याचं घरातलं. बाळाच्या नाकाला आणि मानेला मात्र हा फरक कळत नाही. दोन्ही अंथरुणं एकाच कसोटीवर तपासावी लागतात.

श्वास कुठे अडतो?

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान लुळी. हनुवटी छातीला टेकली की मऊ श्वासनलिका दबते. मोठा माणूस अशा वेळी झोपेतच मान सरळ करतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही, आणि रडायलाही श्वास लागतो. दुसरा धोका मऊ अंथरुणाचा. नाक उशीत किंवा गोधडीच्या घडीत रुतलं, की बाळ स्वतःचीच उच्छ्वासाची हवा पुन्हा आत घेत राहतं आणि प्राणवायू कमी होत जातो. हे बहुतेक वेळा आवाज न होता घडतं. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू प्रामुख्याने पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही पहिल्या ते चौथ्या महिन्यात होतात. आपल्याकडे बाळ पहिल्यांदा प्रवासाला निघतं, ते नेमकं याच काळात.

म्हणून अंथरूण कुठलंही असो, चार गोष्टी पाहाव्यात. ते सपाट हवं. ते घट्ट हवं, म्हणजे तळहात दाबून उचलला तर खड्डा राहू नये. ते मोकळं हवं. उशी, लोड, जाड पांघरूण, खेळणं काही नको. आणि ते आईच्या हाताच्या अंतरावर, पण बाळाचं स्वतंत्र हवं. अशा अंथरुणावर बाळाला दर वेळी उताणं निजवायचं.

‘उताणं निजवलं तर दूध वर येऊन घशात अडकेल,’ ही भीती जवळजवळ प्रत्येक आजी बोलून दाखवते. शरीराची रचना उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध चढून श्वासनलिकेत जाण्यापेक्षा परत खाली जाणं सोपं. पालथं निजवलं की ही मांडणी उलटी होते. दूध पाजल्यावर ढेकर काढा, मग उताणं निजवा. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथं न निजवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ पासून ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली. साधारण दहा वर्षांत तिथलं अचानक अर्भकमृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. खर्च काही नव्हता, फक्त निजवण्याची पद्धत बदलली.

घडीचा पाळणा विकत घेताना

महाग म्हणजे सुरक्षित, असा हिशेब इथे चालत नाही. ‘रॉक एन प्ले’ नावाचा उतरता झोपाळा अमेरिकेत २००९ पासून विकला जात होता. त्याचा उतार सुमारे ३० अंशांचा. बाळ त्यात लगेच झोपतं म्हणून तो लाखो घरांत गेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने असे सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले. तोवर ३० हून अधिक बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते. पुढे २०२२ साली तिथे झोपेसाठीच्या उतरत्या झोपाळ्यांवर आणि पाळण्याला आतून लावायच्या मऊ कठड्यांवर कायद्याने बंदी आली. आता १० अंशांपेक्षा जास्त उतार झोपण्यासाठी असुरक्षित मानला जातो. बाळ कशात चटकन झोपतं यावरून ते त्यात सुरक्षित आहे असं ठरत नाही.

घडीच्या वस्तूचा दुसरा दोष बिजागरीत असतो. १९९८ साली शिकागोत घडीचा पाळणा मधेच मिटला आणि दीड वर्षाच्या आतलं एक मूल त्यात मान अडकून दगावलं. तो पाळणा १९९३ मध्येच धोकादायक म्हणून परत मागवला गेला होता, पण ती बातमी वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. नात्यातून हातोहात आलेला पाळणा वापरताना हे लक्षात ठेवावं.

दुकानात तो पूर्ण उघडून मागा. खिटी बसल्याचा आवाज येतो का, चारही कोपरे दाबल्यावर तो हलतो का, वरचा दांडा आत मिटतो का, हे हाताने तपासा. गादी तळाला सर्व बाजूंनी चिकटून बसली पाहिजे; कडेला दोन बोटं जातील एवढी फट राहत असेल तर तो घेऊ नका. बाजूंना जाळी असलेली बरी, हवा खेळते आणि बाळ दिसतं. लाकडी दांड्यांचा पाळणा असेल तर दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं. शीतपेयाचा डबा त्यातून जाता कामा नये. गादी पातळ आहे म्हणून वर दुसरी मऊ गादी घालू नये. पातळ आणि घट्ट गादीच बाळाला योग्य.

पलंगाला लावायच्या पाळण्यात एक बाजू उघडी असते. रात्री पाजायला ते सोयीचं, विशेषतः सिझेरियन झालेल्या आईला. पण पाळण्याची आणि पलंगाची गादी एका पातळीत हवी, पट्टा घट्ट ओढलेला हवा आणि मधे फट अजिबात नको. घरच्या पलंगाला बसलेला पाळणा हॉटेलच्या किंवा मामाच्या पलंगाला बसेलच असं नाही. न बसल्यास चौथी बाजू वर करून तो शेजारी स्वतंत्र ठेवावा. फटीत कपड्यांच्या घड्या कोंबू नयेत. बाळ वळायला किंवा हातापायांवर उठायला लागलं की असे छोटे पाळणे बंद करायचे.

आगगाडीतही हा विचार झाला आहे. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडणारा, पट्ट्याचा छोटा बाळ-बर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसवला गेला. सर्वत्र तो नाही, त्यामुळे खालचा बर्थ मिळवून बाळाला आतल्या बाजूला उताणं ठेवावं आणि एका मोठ्या माणसाने जागं राहावं. मोटारीतल्या बाळाच्या खुर्चीत प्रवास जरूर करावा, पण मुक्कामी पोहोचल्यावर ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून तसंच ठेवू नये. त्या बैठ्या अवस्थेत मान पुढे पडते. बाळ जागं होईल, रडेल, पुन्हा झोपेल.

छत्रीची मच्छरदाणी आणि मोहरीची उशी

आपल्याकडे प्रवासात सर्वांत जास्त वापरली जाते ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. ती चांगली आहे. मात्र तिच्याबरोबर उशी आणि दोन छोटे लोड येतात, ते काढून ठेवा. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची गरज नाही. जागेपणी, कुणी समोर असताना थोडा वेळ पालथं खेळवलं तरी डोक्याचा आकार सुधारतो. झोपताना गळ्यातला काळा दोरा आणि टोपड्याचे बंद सोडावेत. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे राहू द्यावेत, आणि बाळ कुशीवर वळू लागताच गुंडाळणं थांबवावं.

डिसेंबर-जानेवारीत कर्जतकडे रात्री गारठा असतो. तेव्हा जाड गोधडीपेक्षा अंगात एक कपडा जास्त घालावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

झोळी वाईट आहे का?

झोळीला नावं ठेवणं शहरात बसून सोपं आहे. भट्टीवर जमीन ओली किंवा तापलेली असते. मुंग्या, उंदीर, कुत्री असतात. आई विटा थापत असताना बाळ जमिनीपासून वर आणि सावलीत असावं, एवढ्यासाठी ती टांगलेली असते. दिवसा, नजरेसमोर ती वापरावी लागत असेल तर कापड रुंद पसरा, बाळाला आडवं निजवा, चेहरा कापडाबाहेर दिसू द्या. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा आहे का, ते अधूनमधून पाहा. वर दुसरं कापड टाकून झोळी बंद करू नका. ती टांगण्याआधी गाठ आणि दांडा आपल्या भाराने ओढून बघा.

रात्री मात्र झोळी नको, कारण रात्री बघणारं कुणी जागं नसतं. बाळ वळायला लागल्यावर तर दिवसाही नको. मोठी मुलं झोळीशी खेळताना पीळ बसून गळफास लागल्याच्या घटना भारतातल्या न्यायवैद्यक नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

रात्री जमिनीवर घट्ट घडीची गोधडी, त्यावर एक ताणलेलं सुती कापड, हे अंथरूण बाळाच्या श्वासासाठी उत्तम. रायगडात जमिनीवर झोपण्याचा धोका निराळा आहे. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश फारसा दुखतही नाही. विंचवाचं विष इथल्या मुलांसाठी किती घातक असतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे जगाला कळलं. उपाय साधा आहे: आई आणि बाळ दोघांवर एक मच्छरदाणी, आणि तिच्या कडा चहूबाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. त्या मच्छरदाणीत बाळाची गोधडी आईच्या गोधडीशेजारी, पण वेगळी.

एकाच गोधडीवर झोपण्यावाचून काही घरांत पर्यायच नसतो. अशा घरांनी निदान काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दारू प्यायलेल्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाशेजारी बाळ नको. विडी-सिगरेट ओढणाऱ्याशेजारी नको. आईनेही मिश्री सोडलेली बरी. बाळ आणि मोठं माणूस एका पांघरुणात नको. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर अधिकच जपावं. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणं हा तर सर्वांत धोक्याचा प्रकार.

फिनलंडने १९३८ साली गरीब मातांना बाळाच्या कपड्यांनी भरलेली पुठ्ठ्याची पेटी द्यायला सुरुवात केली. १९४९ पासून ती सर्व मातांना मिळू लागली. तळाला छोटी गादी असलेली ती पेटीच कित्येक बाळांचं पहिलं अंथरूण झाली. सुरक्षित अंथरुणासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती सपाट, घट्ट, मोकळी जागा आणि ती बाळापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था.

या व्यवस्थेतली कच्ची जागा स्थलांतरात दिसते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला भेटायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाला नीट ऊब आहे का, दूध ओढतंय का, हे त्या पाहतात. याच दिवसांत कुटुंब भट्टीवर गेलं तर राहिलेल्या भेटी चुकतात. म्हणून निघण्यापूर्वी आशाताईंना मुक्कामाचा पत्ता सांगावा, माता-बाल कार्ड बरोबर घ्यावं आणि तिथल्या अंगणवाडीत नाव सांगावं. भट्टीमालकांनीही एक कोरडी, सावलीची जागा आणि प्रत्येक तान्ह्या बाळामागे एक मच्छरदाणी दिली, तर त्यांचं फार काही जाणार नाही.

बाळ प्रवासात सुस्त पडलं, दूध सोडलं, ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बाकी रात्री पोहोचल्या पोहोचल्या, जेवणाआधी, पाच मिनिटं काढून बाळाचं अंथरूण आधी लावा. मोठ्यांना कुठेही पाठ टेकता येते.