चोवीस झाकणं

पहाटे साडेपाचला रिक्षावाल्या मामांनी रात्रभर लावलेला चार्जर काढला आणि ई-रिक्षाची मागची सीट उचलली. खाली चार काळ्या बॅटऱ्या, १२ व्होल्टच्या, एकामागे एक जोडून ४८ केलेल्या. आंबूस वास नाकात चुरचुरला. माझा हात खिशातल्या काडेपेटीकडे गेला तसे मामा खेकसले, "ते बाहेर जाऊन! इथं गॅस साचलाय." चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, एक ठिणगी पुरते.

एका बॅटरीला सहा झाकणं, चारींची चोवीस. एकेक काढायचं, हायड्रोमीटर बुडवायचा, रबरी गोळा दाबून सोडायचा. "बाराशे साठ... बाराशे पन्नास... हे बघा, अकराशे नव्वद." तिसऱ्या बॅटरीचं चौथं घर मागे पडलं होतं. संध्याकाळी गाडी दम टाकते ती यामुळेच. बाकीची तेवीस घरं ठणठणीत असून उपयोग नाही.

मग बॅटरीचं पाणी. रात्रीच का घालत नाही?

"चार्जिंगला पाणी वर येतं, सर. रात्री काठोकाठ भरलं तर सकाळी ॲसिड बाहेर, पत्रा खलास."

आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच आधी घालायचं, तेही बुडण्यापुरतं. पहिला संच वर्षाच्या आत घालवून मामा हे शिकले. त्यात परभणीचा उन्हाळा चाळिशीपार. मे महिन्यात दर तीन-चार दिवसांनी झाकणं उघडावी लागतात.

अशी बॅटरीवरची रिक्षा आधी आली, नियम मागून. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशींनी सायकल रिक्षा सुधारता सुधारता 'इलेक्शा' ही बॅटरीची रिक्षा घडवली, तेव्हा अशा गाड्यांना कायद्यात जागाच नव्हती. २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी या रिक्षाबद्दल लिहिलं. ई-रिक्षाचे नियम आले २०१४ मध्ये: चार प्रवासी, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटर. चाळीस किलो! मोंढ्यातून निघालेलं एक पोतंही त्यात मावत नाही.

मामा गाडी हाकतात ती कंजुषाने पैसे मोजावेत तशी. गतिरोधक दिसला की बऱ्याच आधी ॲक्सिलरेटर सोडतात, गाडी नुसत्या लोटावर तिथवर जाते. थांबून पुन्हा उचलताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. सकाळी मीटरवर ५१ व्होल्ट होते. दुपारी बसस्टँडला सासू-सून पोतं घेऊन आल्या तेव्हा ४७.

"कृषी विद्यापीठाला येता का?"

मामांनी आधी मीटरकडे पाहिलं, मग पोत्याकडे.

"स्टेशनपर्यंत सोडतो, माय."