हेतूची गोष्ट आणि पुराव्याचे ओझे : मानवत, 1972–74 (लेखांक सहावा)

परभणी जिल्ह्यातले मानवत हे कापसाच्या व्यापारावर उभे राहिलेले, नगरपालिका असलेले पण स्वभावाने खेडेच राहिलेले गाव 1972च्या दुष्काळात साऱ्या देशाला माहीत झाले, ते तिथे घडलेल्या खुनांमुळे. या खुनांची आठवण आजही जादूटोण्याची एक भयकथा म्हणूनच काढली जाते, आणि त्यातून निघालेला खटला फौजदारी कायद्याच्या अभ्यासात का टिकून राहिला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात मानवतच्या शिवारात एकामागून एक खून होत गेले. बळी गेलेल्यांत लहान मुली होत्या, तिशी ओलांडलेल्या स्त्रिया होत्या, आणि शेवटच्या घटनेत तर एका बाईबरोबर तिच्या दोन लेकी, त्यांतली एक अगदी लहान, मारल्या गेल्या. स्थानिक तपास पुढे सरकेना तेव्हा, मुंबईत 1968 साली रामन राघव या खुन्याच्या प्रकरणामुळे नाव झालेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रे आली. पुढे उत्तमराव बारहाते हे गावचे माजी नगराध्यक्ष, त्यांच्यासोबत राहणारी रुक्मिणी ही पारधी समाजातील स्त्री आणि इतर अनेक जणांवर कटाचा व खुनाचा खटला उभा राहिला.

सरकारपक्षाची मांडणी अशी की, रुक्मिणीला मूल हवे होते आणि दोघांना गुप्तधनाचा लोभ होता. पिंपळाखालच्या मुंजाला, म्हणजे मुंज झाल्यावर पण लग्नाआधी मेलेल्या मुलाच्या भुताला, कुमारिकांचे रक्त वाहिले तर दोन्ही साधेल असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यातून हे हत्यासत्र घडले. शेवटचे खून तर हे दोघे कोठडीत असताना झाले, आणि खरे मारेकरी मोकळेच आहेत असे भासवून त्यांची सुटका करून घेण्यासाठी ते घडवले गेले, असेही सरकारपक्षाचे म्हणणे होते. ही कहाणी इतकी सलग आणि इतकी भीषण होती की ऐकणाऱ्याला वेगळा पुरावा मागावासाही वाटू नये. त्यातच आरोपींपैकी एक जण अशा समाजातली, ज्याला इंग्रजांच्या 1871च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 साली गेला, पण त्याने रुजवलेला संशय गावोगाव, आणि पोलीस ठाण्यांतही, तसाच राहिला.

याच्या अगदी उलट, हेतूच न सापडलेल्या खुनाचे उदाहरण फ्रान्समधले आहे. 4 ऑगस्ट 1952च्या रात्री, प्रोव्हान्स प्रांतातल्या लूर्स गावाजवळ, रस्त्याकडेला मुक्कामाला थांबलेले ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ सर जॅक ड्रमंड, त्यांची पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी यांचा खून झाला. शेजारच्या शेतावरचा सत्तरी ओलांडलेला शेतकरी गास्तों दोमिनिसी याच्यावर त्याच्याच दोन मुलांनी आरोप केला, त्यांतल्या एकाने तो पुढे फिरवला, आणि म्हाताऱ्याने कबुली देऊन नंतर ती नाकारली. 1954 साली त्याला देहदंड सुनावला गेला, 1957 साली तो रद्द होऊन जन्मठेप झाली आणि 1960 साली राष्ट्राध्यक्ष द गोल यांनी त्याला सोडले. तिथे खुनाचा पटणारा हेतू कधीच हाती लागला नाही, आणि न्यायालयाने या अबोल शेतकऱ्याच्या मनात स्वतःच्या कल्पनेतला हेतू भरला, अशी टीका रोलां बार्थ या लेखकाने केली. लूर्समध्ये हेतू नव्हता म्हणून तो रचला गेला; मानवतमध्ये तो ओसंडून वाहत होता, आणि हेतूच्या गोष्टीलाच पुरावा मानण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच होता.

मानवतच्या खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातला असा भागीदार की ज्याला सर्व काही खरे सांगण्याच्या अटीवर माफी दिली जाते. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 133 नुसार केवळ अशा साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नसे. त्याच कायद्याच्या कलम 114 मधले एक उदाहरण मात्र अशी साक्ष महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळेपर्यंत विश्वासार्ह मानू नये असे सांगत होते. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1977च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या लेखणीतून, या दोन तरतुदींत विरोध नाही असे स्पष्ट केले : पहिली कायद्याची मर्यादा सांगते, दुसरी न्यायाधीशाच्या सावधगिरीची रीत. हा दुजोरा केवळ गुन्हा घडल्याचा असून भागत नाही, तो त्या त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा असावा लागतो, कारण खून कसा झाला हे भागीदाराला खरेच ठाऊक असते आणि त्या खऱ्यात एखादे खोटे नाव मिसळणे त्याला सहज जमते.

या कसोटीचा परिणाम गावाला पचण्यासारखा नव्हता. खालच्या न्यायालयात दोषी ठरलेले उत्तमराव आणि रुक्मिणी वरिष्ठ न्यायालयात शेवटी सुटले, तर निकालाला ज्याचे नाव आहे त्या दगडूसह काही जणांचा दोष कायम राहिला. पैसा आणि वजन असलेला सुटला, असे तेव्हा म्हटले गेले आणि अजूनही म्हटले जाते. पण त्याच न्यायाने कोणतेही वजन नसलेली रुक्मिणीही सुटली, हे सांगताना सहसा गाळले जाते. याच खुनांवरचा, अमोल पालेकरांचा, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरचा ‘आक्रित’ हा चित्रपट 1981 साली आला. हत्यासत्रामागचा हेतू त्याला कथेसाठी पुरेसा होता, आणि चित्रपटाचे ते चुकतही नाही, कारण त्याला कोणाला फासावर द्यायचे नसते.

नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा यायला मात्र 2013 साल उजाडले, आणि तेही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. पुराव्याच्या बाजूने पाहता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 138 ने जुन्या कलम 133चे शब्दच बदलले आहेत : आता भागीदाराच्या दुजोरा मिळालेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जी रीत होती ती कायद्याच्या मजकुरात आली. परंतु दुजोरा किती आणि कशाचा, याची व्याख्या त्या कलमात नाही, आणि ती ठरवताना वकिलांना दगडूचाच निकाल पुन्हा उघडावा लागणार आहे.