सामन्याविना शाहीर: जाखडीची स्वनिर्मित ध्वनिमुद्रिका

राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरचे, जंजिऱ्यासमोरचे दिघी बंदर मालवाहतुकीमुळे आणि आगरदांड्याच्या फेरीबोटीमुळे सर्वपरिचित असले, तरी त्याच्या पाठीशी असलेल्या श्रीवर्धन-म्हसळा परिसरातील कुणबी वाड्यांची गणपतीतली खरी ओळख जाखडी, अर्थात बाल्या नाच, हीच आहे. मध्यभागी ढोलकी-झांजेसह शाहीर व झीलकरी, म्हणजे ध्रुपद उचलून धरणारे साथीदार, बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. गण आणि गवळण झाल्यावर शक्तीची बाजू घेणारा शाहीर व शिवाची बाजू घेणारा तुरेवाला यांच्यात सवाल-जबाब रंगतात. या झुंजीला ‘सामना’ म्हणतात आणि चाकरमान्यांनी ती परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत नेली.

अशा शाहिराने पदरमोड करून स्टुडिओ घेतला, की पहिली अडचण कलेचीच उभी राहते. खर्च एकाच बाजूचा असल्याने प्रतिपक्ष गैरहजर राहतो, सवाल टाकला जातो आणि जबाब येत नाही. समोरच्याची चाल पाहून ऐनवेळी कडवे रचण्याचे कसब, ज्यावर शाहिराची पत ठरते, ते आधीच लिहून आणलेल्या गीतात उरत नाही. कानातल्या ठोक्यावर ढोलकी आधी आणि झील मागाहून वेगळी मुद्रित केली, तर फेराची गती पाहून लय चढवणेही संपते. चाळांचा आवाज मात्र मुद्दाम मिसळावा लागतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती अधिक बोचरी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारा तो निर्माता, आणि ध्वनिमुद्रणाचा मूळ हक्क त्याचाच, तोही प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे; त्यामुळे कंपनीकडून एकरकमी बिदागी घेऊन गाणाऱ्यापेक्षा स्वतः पैसा घालणाऱ्या शाहिराची बाजू भक्कम ठरते. परंतु जाखडीत चालू चित्रपटगीतांच्या चालींवर नवे शब्द बसवण्याची जुनी सवय आहे. वाडीतल्या अंगणात त्याबद्दल कोणी हटकत नाही, ध्वनिमुद्रिकेवर मात्र निर्माता म्हणून शाहिराचेच नाव असते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी मूळ गीत पुन्हा गाऊन मुद्रित करण्याची वाट देते खरे, पण पाच वर्षे थांबून, मूळ कृतीत अनावश्यक बदल न करता आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरून. शब्दच बदलणाऱ्या शाहिराला ती वाट बंदच राहते व त्याला मूळ हक्कधारकाची थेट परवानगी घ्यावी लागते. एखाद्या भाषेतील वा बोलीतील कृतींचा मर्यादित खप लक्षात घेऊन हा आकडा कमी करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, तथापि तिचा लाभही मूळ शब्द जसेच्या तसे गाणाऱ्यालाच मिळू शकतो. आपली चाल आपणच बांधणे हा शाहिरापुढचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.