फास्ट केलं, म्हणून अडलं!

ऑफिसात आलात, पीसी ऑन केला, पण लॉगिनची स्क्रीनच येईना. पहिली शिवी कोणाला? हार्ड डिस्कला! सप्टेंबर २०१९मध्ये लिनक्सचं ५.३ कर्नल तपासताना अस्संच झालं. बदल निम्मे-निम्मे करत चाळले (हजार असले तरी दहाएक फेऱ्यांत चोर सापडतो!) आणि सापडला एक्स्ट-फोर फाइल सिस्टिमचा वेग वाढवणारा बदल! डिस्कच्या खेपा कमी झाल्या. पण त्याच गडबडीतून कर्नल रँडम आकड्यांसाठी कच्चा माल गोळा करतं. तो पुरेना, बूट अडलं. कोड चोख असूनही लिनस टोरवाल्ड्सनं तो मागे घेतला आणि ५.४मध्ये मूळ दुखणं दुरुस्त केलं. युजरचं काम अडलं, तर चूक आपली, हा त्याचा नियम. बॉसलोक, ऐकताय ना?