गिरणगावच्या जमिनीची वाटणी

गिरणगावचा कायापालट झाला, असे म्हणण्याचा आता प्रघातच पडला आहे. हा पालट कोणासाठी झाला, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीचा पाया घातला. पुढील काळात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या टापूत गिरण्यांची दाटी झाली. तिला माणसे पुरविली ती मुख्यत्वे कोकणाने आणि घाटावरील साताऱ्यासारख्या जिल्ह्यांनी. कोकणातील खाचराचा तुकडा कुटुंबाला वर्षभर पुरत नसे. म्हणून कर्ता पुरुष मुंबईस येई व बायकामुले गावीच राहत. गावकऱ्यांच्या एकेका खोलीत कितीतरी जण मावत, याचे कारण एवढेच की त्यांतील बरेचसे पाळीवर असत. त्यांच्या जेवणाचा भार खानावळवाल्या बायकांनी उचलला. या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडविण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

हे स्थलांतर अर्धेच होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चाकरमान्याचा एक पाय सदैव गावी असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो लढा एवढा लांबला, त्यामागे गावाकडच्या भाकरीचाही आधार होता. संपाने गिरण्या बुडविल्या, हे मात्र अर्धसत्य होय. यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती आणि कापड विणण्यापेक्षा जमीन विकणे किफायतशीर ठरू लागले होते.

खरा निर्णय त्यानंतर, कागदावर झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडास घरांसाठी, उरलेला मालकास. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढ्याचीच व्हावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात उघडी जमीन असते ती किती! शब्दांचा हा फेरफार किरकोळ भासला, तरी त्याने शहराच्या पदरी पडावयाची बागांची आणि घरांची जागा पार आक्रसून गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये वेगळा अर्थ लावला होता. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. तत्पूर्वीच, २००५ साली, दादरच्या कोहिनूर मिलची जमीन ४२१ कोटी रुपयांस विकली गेली होती.

मग मॉल, कचेऱ्या आणि मनोरे आले. त्यांबरोबर नवे स्थलांतरही आले. उत्तर भारतातून आलेला पहारेकरी मनोऱ्याच्या दाराशी उभा राहतो, आणि कचेरीतील कारकून विरार-बदलापूरहून सकाळी येऊन संध्याकाळी परततो. जेथे कामगार चाळीतून पायी गिरणीत जात, तेथे आता हजारो माणसे एकाच वेळी लोकलमधून उतरू लागली. स्थानकांचे पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले. २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलणे हे पूल रुंद करण्याहून नेहमीच सोपे असते.

आणि गिरणी कामगार? २०१२ च्या सोडतीत म्हाडाने ६,९२५ घरे ठेवली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. अर्जदार कामगार आणि वारस सुमारे दीड लाख होते. अलीकडे उरलेल्यांपुढे कर्जत मार्गावरील शेलू आणि वांगणी येथील घरांचा प्रस्ताव ठेवला गेला. मुंबईतच घर हवे, असा त्यांचा आग्रह आहे. तो घेऊन जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानात जमले. त्यांत बऱ्याच जणांनी सत्तरी ओलांडली होती, आणि कित्येकांच्या जागी त्यांच्या विधवा व मुले आली होती.